सावकाराच्या वाड्यातली बँक

प्रश्न असा आहे : ‘आमच्या गावात १९८१ साली राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा उघडली. ती आता तालुक्याच्या शाखेत विलीन होणार, अशी चर्चा आहे. जुनी माणसं म्हणतात, इंदिराबाईंनी बँक गावात आणली. खरंच तसं झालं का? त्याआधी काय होतं? आणि एवढ्या खटाटोपाने आणलेली शाखा आता बँकेलाच नकोशी का झाली?’

उत्तर लांबणार आहे. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. १९७९ मध्ये कारकून म्हणून लागलो आणि व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. त्यातली एकवीस वर्षं अशा गावांत गेली, जिथे संध्याकाळची एसटी चुकली की शाखेतल्या बाकावर झोपायचं.

माझी पहिली शाखा सावकाराच्या वाड्यात होती. खरोखरच्या. बँकेला तिजोरीसाठी जाड भिंतींची, एका दाराची, बिनखिडकीची खोली लागते, आणि तेव्हाच्या खेड्यात अशी खोली एकाच घरात असायची. सावकाराचा धंदा तोवर आटला होता, मुलं पुण्याला गेली होती, वाडा ओस पडला होता. त्याने तो बँकेला भाड्याने दिला आणि दर महिन्याला भाडं जमा झालं का ते बघायला स्वतः काउंटरवर यायचा. ज्या ओसरीवर आज्याने कर्जरोख्यावर अंगठा उठवला, त्याच ओसरीवर नातू पीककर्जाच्या कागदावर अंगठा उठवत होता. म्हातारी माणसं उंबऱ्याबाहेर जोडे काढूनच आत यायची. कितीदा सांगितलं तरी ऐकायची नाहीत.

सावकारापासून सुरुवात करतो, कारण पुढच्या शंभर वर्षांत जे जे आलं ते त्याच्याशी स्पर्धा करायला आलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली, आणि दंगा आजूबाजूला, नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, खतं, वह्या ओढून काढून जाळल्या. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा आला. पण सावकार नुसता लुटारू होता असं म्हटलं, तर तो टिकला कसा हे कळत नाही. त्याचं व्याज सवाईने आणि दिढीने चालायचं. पेरणीला पोतं दिलं तर सुगीला दीड पोतं. तरी लोक त्याच्याकडेच जायचे. तो रात्री बाराला दार उघडायचा, दवाखान्याला द्यायचा, लग्नाला द्यायचा, मयताला द्यायचा, आणि कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे, कुणाचे भाऊ भांडताहेत, कुणाची म्हैस आटली, हे त्याला न विचारता ठाऊक असायचं. कर्ज देण्याच्या धंद्यात ही माहिती म्हणजे निम्मं भांडवल. बँकेकडे दुसरं निम्मं होतं.

इंग्रज सरकारने तगाई देऊन पाहिली. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी विहीर, बांधबंदिस्ती, बैल-बियाणं यांसाठी सरकारी कर्ज मिळू लागलं. ते मामलेदार कचेरीतून मिळायचं आणि हाती पडेपर्यंत पेरणी उरकायची. १८८२ मध्ये टपाल खात्याने बचत बँक सुरू केली. खेड्यातल्या अनेक घरांनी पाहिलेलं पहिलं पासबुक पोस्टाचं. पोस्ट पैसे ठेवून घेतं, कर्ज देत नाही. मग १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि गावोगाव सोसायट्या निघू लागल्या. त्यांना पैसा पुरवायला विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी १९११ मध्ये मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी केली, तीच आजची राज्य सहकारी बँक. गावात सोसायटी, जिल्ह्याला मध्यवर्ती बँक, मुंबईत शिखर बँक, हा तीन मजली सांगाडा तेव्हाचा आहे.

म्हणजे महाराष्ट्रातल्या खेड्याने ‘बँक’ हा शब्द आधी सहकाराकडून ऐकला. आजही आमच्या भागात ‘बँकेत जाऊन येतो’ म्हणणाऱ्याला ‘कोणत्या? सोसायटीच्या का सरकारी?’ असं विचारतात. ‘सोसायटीची’ म्हणजे जिल्हा मध्यवर्ती बँक, ‘सरकारी’ म्हणजे राष्ट्रीयीकृत. इंदिराबाईंच्या गोष्टीतून हा पहिला अध्याय नेहमी गळतो.

पण त्या अध्यायाने किती मजल मारली होती? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. ए. डी. गोरवाला समितीचे अध्यक्ष होते, आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सदस्य होते, अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकऱ्याने उचललेल्या शंभर रुपयांपैकी सावकारांकडून, म्हणजे धंदेवाईक आणि शेतकरी सावकार धरून, जवळजवळ सत्तर येत होते. सहकारी संस्थांकडून ३.१. व्यापारी बँकांकडून ०.९. पन्नास वर्षांच्या सहकाराचं फळ तीन रुपये. याच अहवालातलं वाक्य पुढे सहकारातल्या प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू आलं : सहकार अयशस्वी झाला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी गाडगिळांच्या साथीने साखर कारखाना काढला तोही याच काळातला. जिथे कारखाना उभा राहिला तिथे सोसायटीची वसुली उसाच्या बिलातून परस्पर होऊ लागली आणि सहकारी बँक धष्टपुष्ट झाली. जिथे ज्वारी-बाजरी होती तिथे सोसायटी रडतखडतच चालली. आपल्या राज्यातल्या जिल्हा बँकांचं नशीब बऱ्याच अंशी तेव्हाच ठरलं होतं, असं मला वाटतं.

त्याच समितीने सुचवलं की सरकारने एक मोठी बँक हाती घेऊन तिला खेड्याकडे पाठवावं. म्हणून इम्पीरियल बँकेची १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे शाखा उघडण्याचं बंधन तिच्यावर कायद्याने आलं. तिने ते पुरंही केलं. पण या शाखा मुख्यतः जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी, सरकारी खजिन्याच्या आसपास. त्यापलीकडच्या खेड्यात व्यापारी बँक अजून फारशी पोचली नव्हती.

आता १९ जुलै १९६९. पन्नास कोटींपेक्षा जास्त ठेवी असलेल्या चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या. त्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या, त्यातल्या १,८३३ ग्रामीण. साधारण चौसष्ट-पासष्ट हजार माणसांमागे एक शाखा. एकूण बँककर्जात शेतीचा वाटा काही वर्षांपूर्वी दोन टक्क्यांच्या आसपास होता, आणि त्यातही मळ्यांचा भाग मोठा. तुमच्या वडीलधाऱ्यांची आठवण या तारखेला चिकटली आहे ते स्वाभाविक आहे. पण मालकी बदलली म्हणून बँक आपोआप खेड्यात जात नसते. ती तालुक्यापर्यंत जाते आणि तिथे बसते. शाखा काढायची कुठे, आणि न काढल्यास काय, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

‘कुठे’ हे ठरलं त्यात पुन्हा गाडगीळ आहेत. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने १९६९ मध्येच सांगितलं की प्रत्येक बँकेने देशभर हात मारण्यापेक्षा एकेका जिल्ह्याची जबाबदारी घ्यावी. एफ. के. एफ. नरिमन यांच्या समितीने तेच उचलून धरलं आणि डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना निघाली. जिल्ह्याची अग्रणी बँक ती. तिच्या माणसांनी जिल्हा पालथा घालून कुठल्या गावाला शाखा परवडेल याच्या याद्या केल्या. बाजार भरतो का, रस्ता आहे का, वीज आहे का, पोलीस चौकी किती लांब. त्या याद्या मी जुन्या दप्तरात पाहिल्या आहेत. एका गावापुढे कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, ‘नदीला पूल नाही, पावसाळ्यात रोकड नेता येणार नाही.’ त्या गावाला शाखा मिळाली नाही.

‘न काढल्यास काय’ याचं उत्तर १९७७ मध्ये आलं, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. रिझर्व्ह बँकेने नियम केला : जिथे आधीच बँका आहेत अशा ठिकाणी एक शाखा हवी असेल, तर जिथे एकही बँक नाही अशा ठिकाणी चार काढा. आता मुंबईत शाखा कुठल्या बँकेला नको असते? मुंबईतल्या एका शाखेपोटी चार खेड्यांना बँक मिळाली. आमचं गाव अशाच एका चौकडीतलं. आणीबाणी संपता संपता आलेला हा नियम सरकारं बदलली तरी १९९० पर्यंत टिकला. १९८० मध्ये आणखी सहा बँका सरकारी झाल्या, त्यांनाही तो लागू होताच. १९९१ ला आकडे पाहिले तर एकूण शाखा साठ हजारांवर, त्यातल्या ग्रामीण पस्तीस हजारांवर. पासष्ट हजार माणसांमागे एक शाखा होती, ती चौदा हजारांमागे एक झाली. बावीस वर्षांत.

तेव्हा जुनी माणसं चुकीचं सांगत नाहीत, पण १९६९ ची घोषणा आणि १९८१ ची तुमच्या गावची शाखा यांच्यामध्ये एका रुक्ष परिपत्रकाचा दुवा आहे. परिपत्रकावर कुणी पोवाडे रचत नाही.

मधल्या काळात ग्रामीण बँकाही आल्या. २६ सप्टेंबर १९७५ ला वटहुकूम निघाला, २ ऑक्टोबरला देशात पहिल्या पाच सुरू झाल्या. भांडवल केंद्राचं ५० टक्के, राज्याचं १५, प्रायोजक बँकेचं ३५. स्थानिक मुलं घ्यायची, पगार राज्य सरकारी कर्मचाऱ्यांइतके द्यायचे, म्हणजे खर्च कमी राहील, ही कल्पना. पुढे लवादाने त्यांना व्यापारी बँकांइतका पगार दिला, तो न्याय्यच होता, पण स्वस्त बँकेची कल्पना तिथे संपली. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ ची. एकत्रीकरणं होत होत २०२५ मध्ये राज्यभरासाठी एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक उरली.

आता शाखा आतून कशी चालायची ते सांगतो, कारण पुढे काय गेलं ते त्याशिवाय कळणार नाही.

एक मॅनेजर, एक कॅशियर, एक-दोन कारकून, एक शिपाई. तिजोरीला दोन किल्ल्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे, दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. आमचा कॅशियर शेजारच्या गावाहून यायचा. पावसात ओढा आला की तो पलीकडे आणि आम्ही अलीकडे. लोक ओसरीवर बसलेत, तिजोरीत पैसे आहेत, आणि द्यायला कुणी नाही. पैसे काढायला आलेल्याला पितळेचं टोकन मिळायचं, मग त्याची स्लिप लेजरवाल्याकडे, तिथून मॅनेजरकडे, तिथून कॅशियरकडे. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर कुणी हलायचं नाही. अकरा रुपये चाळीस पैशांसाठी रात्री साडेदहापर्यंत कंदिलाच्या उजेडात बसलेलो आहोत. जून आणि डिसेंबरला प्रत्येक खात्याचं व्याज हाताने काढायचं.

त्या व्याजाची एक गंमत, म्हणजे गंमत आमच्यासाठी. बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेनंतर ते महिनाअखेर जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज. शेतकऱ्याने कापसाचे पैसे ११ तारखेला भरले तर त्या महिन्याचं व्याज शून्य. हे कुठेही लिहून लावलेलं नसायचं. आम्ही ओळखीच्या माणसाला सांगायचो, ‘दहाच्या आत आणा.’ ओळख नसलेल्याला कोण सांगणार? २०१० च्या एप्रिलपासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं आणि हा गुपचूप चालणारा भेद संपला.

ओळख हा शब्द मी मुद्दाम वापरला. बहुतेक खातेदार निरक्षर. निरक्षर खातेदाराला चेकबुक नाही, त्याने स्वतः पासबुक घेऊन यायचं, अधिकाऱ्यासमोर अंगठा उठवायचा, आणि अधिकाऱ्याने ‘निशाणी डावा अंगठा’ लिहून खाली सही करायची. शाईपॅडवरच्या त्या निळ्या डागाचं मूल्य माझ्या सहीत होतं, आणि माझ्या सहीचं मूल्य मी त्या बाईला ओळखतो यात होतं. एकदा एक पोरगा आजीला घेऊन आला. आजी बोलेना. मी म्हटलं, ‘आज्जी, कशाला काढताय पैसे?’ तर म्हणाली, ‘मला काय ठावं बाबा, ह्यानं आणलंय.’ स्लिप फाडली. मशीनला हा प्रश्न विचारता येत नाही.

कर्जही तसंच. सातबारा, आठ-अ, इतर बँकांचे आणि सोसायटीचे ना-देय दाखले, तलाठ्याकडून बोजा चढवलेला उतारा, एवढा कागद गोळा व्हायचाच. पण निर्णय व्हायचा शिवारात. शेतकी पदवीधर असलेला फील्ड ऑफिसर मोटारसायकलवर जायचा, विहिरीत डोकवायचा, शेजाऱ्याशी बोलायचा. लहान कर्जं मंजूर करण्याचा अधिकार शाखेतच होता. सावकाराकडची ती निम्मी माहिती बँकेने अशी हळूहळू मिळवली. सोनेतारणाला गावचाच सराफ कसोटी घेऊन यायचा. कुणाचे दागिने लेकीच्या लग्नाचे आणि कुणाचे दुसऱ्याचे, हे त्याला आमच्याआधी माहीत.

हे सगळं ऐकून तो सुवर्णकाळ वाटेल. तसा तो नव्हता. एक तर ओळखीचा फायदा ज्याच्या ओसरीवर आम्ही चहा प्यायचो त्याला आधी व्हायचा. जातीने आणि जमिनीने मोठी माणसं मॅनेजरच्या खुर्चीसमोर बसायची, बाकीची उभी राहायची. बायका तर जवळजवळ नव्हत्याच. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून नामंजूर झाला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आमच्यासारख्या शाखांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं म्हणूनच त्यांना वेगळी बँक काढावी लागली. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना कर्ज जोडून देण्याचा प्रयोग केला, त्यानंतर आमच्या काउंटरवर बायका दिसू लागल्या.

दुसरं, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम. १९८० च्या गांधी जयंतीपासून तो देशातल्या सगळ्या तालुक्यांत लागू झाला. गरिबाला म्हैस, शेळ्या, शिलाई यंत्र. किमतीचा काही भाग अनुदान, उरलेलं बँकेचं कर्ज. लाभार्थ्यांची यादी पंचायत समितीकडून यायची, उद्दिष्ट वरून यायचं, मार्चमध्ये कर्जमेळावा भरायचा आणि मंत्र्यांच्या हस्ते एका दिवसात शेकडो मंजुरीपत्रं वाटली जायची. फील्ड ऑफिसर मंडपात खुर्च्या मांडायला. एकच म्हैस तीन बाजारांत तीन नावांवर विकली गेलेली मी पाहिली आहे. जनावराचा विमा असायचा, कानात बिल्ला असायचा, आणि बिल्ला दाखवल्याशिवाय विम्याचे पैसे नाहीत. एका सकाळी एक माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत म्हशीचा कान घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवला, बिल्ल्यासकट. त्या माणसाची म्हैस खरंच मेली होती. त्याच्यापाठोपाठ दोन महिन्यांत आणखी पाच कान आले, त्यातल्या किती म्हशी चरत होत्या ते मी सांगू शकत नाही.

मग १९९० ची कर्जमाफी, दहा हजारांपर्यंत. माफीच्या विरोधात मी नाही. सलग दोन वर्षं पाऊस नसलेल्या माणसाकडून काय वसूल करणार? पण माफी झाली तेव्हा सर्वांत जास्त दुखावले गेले ते बायकोचं डोरलं मोडून हप्ता भरलेले. ‘साहेब, आमचं काय चुकलं?’ हा प्रश्न मला त्यानंतर २००८ ला आणि पुढे निवृत्त झाल्यावर २०१७ लाही ऐकावा लागला. प्रत्येक वेळी पुढची दोन-तीन वर्षं वसुलीला गेलो की लोक पाणी द्यायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे, ‘बघू, काहीतरी येईलच.’

या सगळ्याचा हिशेब १९९१ मध्ये मांडला गेला. बँकांच्या सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीचा अहवाल आला, चारास एकचा नियम आधीच गेला होता, बँकांना नफा, थकीत कर्जं आणि भांडवल यांची नवी गणितं लागू झाली. ग्रामीण शाखांची संख्या त्यानंतर दीड दशक वाढली नाहीच, उलट काही हजारांनी घटली. त्यातली काही घट कागदावरची आहे. दहा हजारांपेक्षा कमी वस्ती म्हणजे ग्रामीण केंद्र. जनगणनेत गाव मोठं ठरलं की शाखा न हलता ‘निमशहरी’ होते. तरी उत्साह आटला हे खरं. खेड्यातल्या आणि निमशहरी शाखांनी तिथल्या ठेवींच्या किमान साठ टक्के कर्जं तिथेच द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक होता. तो पाळला जातो का हे आढावा बैठकीत कुणी जोरात विचारेनासं झालं. ती पोकळी पतसंस्थांनी भरली. पिग्मी गोळा करणारा पोरगा रोज दुकानात यायचा, दहा-वीस रुपये घेऊन जायचा. काही पतसंस्था चांगल्या चालल्या, बऱ्याच ठेवीदारांना घेऊन बुडाल्या.

पण शाखेचं खरं हाड मोडलं ते संगणक आल्यावर, हे माझं मत आहे, आणि ते सगळ्या सहकाऱ्यांना मान्य नाही. संगणकाने चांगलंही पुष्कळ केलं. रात्रीचा कंदील गेला, व्याजातली चूक गेली, पोराने पुण्यातून भरलेले पैसे आईला त्याच दिवशी मिळू लागले. वाड्याच्या माळवदावर उपग्रहाची तबकडी बसली. ‘लिंक नाही’ ही पाटी आली. आणि सगळी माहिती एका जागी गेल्यावर निर्णयही एका जागी नेता येतात, हे वरच्यांच्या लक्षात आलं. हळूहळू कर्जाची फाइल शहरातल्या केंद्राकडे जाऊ लागली. तिथला मुलगा हुशार, प्रामाणिक. पण विहिरीला पाणी आहे की नाही हे तो सातबाऱ्यावरच्या नोंदीवरून ठरवणार. माझ्या हातून ज्या रकमेची मंजुरी तासाभरात होत होती तिला तीन आठवडे लागायला लागले. फील्ड ऑफिसर विमा आणि म्युच्युअल फंड विकू लागला. आणि आम्हीही काही कमी केलं नाही : मुलांच्या शाळेसाठी बिऱ्हाडं तालुक्याला हलवली, दहाला येऊन पाचला जाऊ लागलो. मीसुद्धा. शेवटच्या ग्रामीण शाखेत असताना गावात कोण मेलं हे मला खातं बंद करायला वारस आला की कळायचं.

म्हणून ‘शाखा बंद होणार का’ हे ऐकल्यावर मी आधी विचारतो की तिच्यात आता मंजूर काय होतं. पाटी, काउंटर आणि पासबुक छापायचं यंत्र उरलं असेल, तर बँकेच्या दृष्टीने ते काम बँक मित्र, म्हणजे बँकेने नेमलेला गावातला प्रतिनिधी, खूपच कमी खर्चात करतो. रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये अशा प्रतिनिधींना परवानगी दिली, २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधन खाती सुरू झाली आणि किराणा दुकानात बँक आली. खाती उघडली गेली, पेन्शन, रोजगार हमीची मजुरी, गॅसचं अनुदान गावातच मिळू लागलं, ही छोटी गोष्ट नाही. पण तिथेही अंगठाच लागतो. ऊस तोडून, खुरपून रेषा झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही. ‘मॅच होत नाही, हात धुऊन या’ म्हणतात. पूर्वी तो अंगठा कुणाचा हे सांगायला समोर एक माणूस बसलेला असायचा. नोटाबंदीच्या वेळी हे फार उघडं पडलं. १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारायला मनाई झाली. सगळा भार तुमच्या गावच्या शाखेसारख्या, दोन-चार कर्मचाऱ्यांच्या ग्रामीण शाखांवर आला, आणि रांगेतल्या म्हाताऱ्यांना नावाने हाक मारणारा माणूस बऱ्याच शाखांत उरला नव्हता.

आता तुमच्या गावापुरतं. ग्रामीण शाखा बंद किंवा विलीन करणं हे बँकेच्या एकटीच्या मर्जीवर नाही. त्यासाठी जिल्हा सल्लागार समितीची किंवा जिल्हास्तरीय आढावा समितीची संमती लागते, आणि ग्राहकांना वेळेत कळवावं लागतं. सल्लागार समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, बैठक अग्रणी बँक बोलावते. तेव्हा चर्चा ऐकत बसू नका. अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या कार्यालयात जाऊन विचारा, आमच्या शाखेचा विषय पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर आहे का. ग्रामसभेचा ठराव करा, पण ‘शाखा बंद करू नये’ एवढं मोघम लिहू नका. शाखेत किती पीककर्ज खाती आहेत, तारण सोनं किती जणांचं आहे, लॉकर आहेत का, तालुक्याला जायला एसटी किती वाजता आहे, पेन्शनवाले किती आणि त्यांच्यातले किती जण चालू शकत नाहीत, ते मोजून लिहा. बैठकीत मी समोरच्या बाजूला बसलेलो आहे. भावनेच्या ठरावाला आम्ही ‘नोंद घेतली’ म्हणायचो, मोजलेल्या ठरावाला उत्तर द्यावं लागायचं.

आणि शाखा राहणार असं ठरलं तर त्याच बैठकीत दुसरा प्रश्न लावून धरा : पीककर्ज किती रकमेपर्यंत तिथल्या तिथे मंजूर होईल, आणि फील्ड ऑफिसर आठवड्यातले कोणते दिवस गावात असेल. दिवसांची नावं लिहून घ्या.